काळ्या छटेचा मॅजिकल गर्ल ॲनिमे: सुरुवात कुठून करावी, पुढे काय बघावं, काय थांबवून ठेवावं

गुलाबी केस, मोठाले डोळे, हातात जादूची कांडी, खांद्यावर बसलेला बोलका प्राणी. पोस्टर बघून वाटतं, घरातल्या लहान मुलीला लावून द्यावं. तिसऱ्या भागापर्यंत पोचल्यावर मोठ्या माणसालाही काही वेळ बोलवत नाही. ॲनिमेत, म्हणजे जपानी ॲनिमेशनमध्ये, अशा मालिकांचा एक मोठा प्रवाह आहे. शाळकरी मुलीला जादूची शक्ती मिळते हा 'मॅजिकल गर्ल' प्रकाराचा जुना साचा त्यात तसाच असतो, पण त्या शक्तीच्या बदल्यात तिच्याकडून काय काढून घेतलं जातं, हा प्रश्न समोर येतो.

इंटरनेटवर शोधलं तर या प्रकारातल्या नावांच्या लांबलचक याद्या मिळतात. अडचण क्रमाची आहे. नवख्या माणसाने चुकीच्या मालिकेपासून सुरुवात केली तर 'मुलींना छळण्याचा प्रकार' असा शिक्का मारून तो पुन्हा इकडे फिरकणार नाही, आणि काही फार मोठ्या कलाकृतींना मुकेल. म्हणून खाली पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. एखाद-दुसरा अपवाद सोडला तर कथानकातली रहस्यं उघड केलेली नाहीत. नव्या मालिकांबद्दल सुरुवातीला जे कळतं तेवढंच सांगितलं आहे.

पायरी १: आधी उजेडातली एक मालिका बघा

ही पायरी सगळे गाळतात, आणि तिथेच अर्धी मजा जाते. काळ्या छटेची मालिका जुन्या साच्याला उलटं करते. तो साचा डोळ्यांखालून गेलेला नसेल तर काय उलटं केलं तेच कळत नाही.

'कार्डकॅप्टर साकुरा' (१९९८ ते २०००) यासाठी उत्तम. सत्तर भाग आहेत, पण सगळे बघायची गरज नाही. पहिले पाच-सहा बघा. साकुरा चौथीत शिकणारी मुलगी, तिच्या हातून जादूचे पत्ते विखुरतात आणि ते एकेक करून परत मिळवायचे. तिची मैत्रीण तोमोयो तिच्यासाठी प्रत्येक मोहिमेला नवा पोशाख शिवते आणि कॅमेऱ्यात सगळं टिपते. बघताना काही गोष्टी मनात नोंदवून ठेवा: जादू शिकवणारा प्राणी विश्वासू आहे, संकट त्याच भागात संपतं, आणि साकुरा दर वेळी सुखरूप घरी येते.

मग 'सेलर मून'चा (१९९२) पहिला भाग बघा. लुना नावाची काळी मांजर नायिका उसागीला एक ब्रोच देते आणि ती तो सहज घेते. अटी कोणी सांगत नाही, कोणी विचारतही नाही. हा प्रसंग लक्षात ठेवा. पुढच्या पायरीवरची सगळी गोष्ट या एका प्रसंगावर उभी आहे.

वेळ असेल तर 'सेलर मून'चं पहिलं पर्व पूर्ण बघा. त्यातले शेवटचे दोन भाग, पंचेचाळीस आणि सेहेचाळीस, बघितले की या प्रकारात अंधार २०११च्या 'मादोका मागिका'पासून आला हा समज दूर होतो. खरं तर तो त्याहून जुना आहे. १९८२ साली सुरू झालेल्या 'मिंकी मोमो'मध्ये सेहेचाळिसाव्या भागात नायिका ट्रकच्या अपघातात मरते. तीही लहान मुलींसाठीच्या मालिकेत. 'मॅजिक नाइट रेअर्थ'मध्ये (१९९४) टोकियोच्या तीन मुली एका राजकन्येच्या हाकेवरून परक्या जगात जातात, आणि विसाव्या भागात त्यांना कळतं की हाक नेमकी कशासाठी होती. जुन्या धाटणीचं चित्रण चालत असेल तर ही मालिका उजेड आणि अंधार यांच्या मधला पूल म्हणून फार चांगली.

पायरी २: 'मादोका मागिका', आणि ती कशी बघावी

या प्रवाहाचं केंद्र हेच. जानेवारी २०११मध्ये जपानी टीव्हीवर आली, बारा भाग, सगळे मिळून पाच तासांच्या आत. दिग्दर्शक आकियुकी शिन्बो, निर्मिती शाफ्ट स्टुडिओची, लेखन गेन उरोबुची यांचं, संगीत युकी काजिउरा यांचं. पात्रं रेखाटली उमे आओकी यांनी. त्या गोड, हलक्याफुलक्या चित्रकथांसाठी ओळखल्या जायच्या, त्यामुळे पहिल्या प्रेक्षकांना वाटलं की तशीच मालिका येते आहे. उरोबुची यांच्या आधीच्या कादंबऱ्या वाचलेल्यांना मात्र शंका आली असणार.

गोष्ट अशी सुरू होते. मादोका कानामे ही माध्यमिक शाळेत दुसऱ्या वर्षाला असलेली साधी मुलगी. घरात प्रेमळ आई-बाबा, लहान भाऊ. वर्गात होमुरा नावाची नवी विद्यार्थिनी येते आणि ती मादोकाला विचित्र ताकीद देते. मग भेटतो क्युबे, मांजरासारखा दिसणारा पांढरा प्राणी. तो म्हणतो, तुझी कुठलीही एक इच्छा मी पूर्ण करतो, बदल्यात तू मॅजिकल गर्ल हो आणि चेटकिणींशी लढ. माझ्याशी करार कर.

आता लुनाचा ब्रोच आठवा. जी गोष्ट उसागीने एका क्षणात घेतली, तिच्यासमोर मादोका भागामागून भाग विचार करत उभी राहते. संपूर्ण मालिका ही सही करण्याआधीच्या विचाराची गोष्ट आहे. दुसऱ्या कुठल्याही मालिकेने नायिकेला इतका वेळ दिलेला मला आठवत नाही.

बघण्याची पद्धत अशी ठेवा. पहिले तीन भाग एका बैठकीत बघा. पहिल्या दोन भागांत 'यात काय विशेष' असं वाटलं तरी सोडू नका, तिसरा भाग पूर्ण झाल्याशिवाय मत बनवू नका. चार ते नऊ रोज एक-दोन बघा. या भागांत मिकी सायाका या मैत्रिणीची गोष्ट येते, तिला घाईने संपवू नका. दुसऱ्यासाठी काही मागणं आणि मनात त्याच्या बदल्यात काहीतरी अपेक्षित असणं, यांतला ताण या मालिकेने फार प्रामाणिकपणे दाखवला आहे. दहा ते बारा पुन्हा एका बैठकीत. दहावा भाग संपल्यावर सुरुवातीचं गाणं शब्दांच्या सबटायटलसह पुन्हा ऐका. इतके दिवस ते गोड शाळकरी गाणं वाटत होतं, आता ते वेगळ्याच माणसाच्या तोंडचं वाटेल. शेवटचं गाणं सगळ्या भागांना एकच नाही, त्यामुळे तेही गाळू नका. बाराव्या भागात नामावली संपल्यावरही थांबा.

चेटकिणींच्या चक्रव्यूहात गेल्यावर चित्रशैली एकदम बदलते. कागदी कातरकाम, जुनी कापडं, छापील चित्रांचे तुकडे हलताना दिसतात. ते काम गेकिदान इनु करी या कलाकारांचं. भिंतींवर दिसणारी अनोळखी लिपीही नुसती सजावट नाही. चाहत्यांनी ती उलगडली तेव्हा तिच्यात जर्मन मजकूर सापडला, त्यात गटेच्या 'फाउस्ट'चे शब्दही आहेत. सैतानाशी करार करणाऱ्या विद्वानाचं ते नाटक इथे का आणलं असेल, हे शेवटपर्यंत बघितल्यावर कळतं. पहिल्यांदा बघताना मात्र लिपीच्या मागे लागू नका, गोष्ट बघा.

जपानी आवाजातच बघा असा माझा आग्रह आहे. क्युबेला आवाज दिला आहे एमिरी कातो यांनी. तो एकाच प्रसन्न, सपाट सुरात बोलतो आणि बोलताना त्याचं तोंडसुद्धा हलत नाही. त्याचा राग येऊ लागला की समजा मालिका पोचली. मग जरा थांबून विचार करा, तो कुठे एकदा तरी खोटं बोलला का?

मार्च २०११मध्ये जपानमध्ये मोठा भूकंप आणि त्सुनामी आली तेव्हा मालिकेचे शेवटचे दोन भाग उरले होते. ते पुढे ढकलले गेले आणि एप्रिलमध्ये एका रात्री लागोपाठ दाखवले गेले. उद्ध्वस्त शहराची दृश्यं असलेला हा शेवट तेव्हाच्या जपानी प्रेक्षकाने कसा बघितला असेल, हे बघताना डोक्यात ठेवण्यासारखं आहे.

पायरी ३: थांबा, आणि मग तिसरा चित्रपट

मादोकाचे चित्रपटही आहेत. २०१२चे पहिले दोन म्हणजे मालिकाच पुन्हा सांगितलेली. ते मालिकेच्या जागी बघू नका. भागांच्या शेवटी मिळणारे थांबे त्यात जातात, आणि ते थांबे आवश्यक आहेत. २०१३चा 'रिबेलियन' ही मात्र नवी, पुढची कथा. मालिका संपल्यावर लगेच तो लावू नका. निदान काही आठवडे जाऊ द्या, म्हणजे मालिकेचा शेवट तुमच्या मनात त्याच्या स्वतःच्या बळावर उभा राहील. 'रिबेलियन' त्या शेवटाला हात घालतो आणि त्याबद्दल चाहत्यांत आजही दोन तट आहेत. मला तो आवडतो, पण तो मालिकेचं शेवटचं पान आहे असं मी धरत नाही.

पायरी ४: पुढची वाट आवडीप्रमाणे निवडा

इथून पुढे सगळ्यांसाठी एकच रस्ता नाही. मादोकातलं तुम्हाला नेमकं काय भिडलं, त्यावर ठरवा.

मैत्री आणि त्याग भिडला असेल तर 'युकी युना इज अ हिरो' (२०१४). शिकोकू बेटावरच्या कागावा भागातली शाळा, तिथला 'हिरो क्लब'. बालवाडीत बाहुल्यांचा खेळ करायचा, समुद्रकिनारा साफ करायचा, सगळ्यांनी मिळून उडोन (जाड शेवयांचा जपानी पदार्थ) खायचं, असं या मुलींचं साधं आयुष्य. तोगो ही मैत्रीण चाकांच्या खुर्चीत आहे आणि ती कथेत दयेचा विषय म्हणून येत नाही. मग एक दिवस फोनवरचं ॲप वाजतं. ही मालिका मादोकाची नक्कल आहे अशी टीका होते, पण ती मला अन्यायाची वाटते. मादोकात करार समोर ठेवून विचारलं जातं. इथे तो विचारलाच जात नाही, मोठ्यांनी मुलींच्या वतीने आधीच ठरवलेला असतो. शरीराने मोजलेली किंमत आणि ती माहीत असूनही गप्प बसलेली व्यवस्था, हा तिचा खरा विषय. बघताना क्रम चुकवू नका. आधी २०१४चे बारा भाग. वाशिओ सुमीची पूर्वकथा (२०१७) काळाच्या हिशेबाने आधीची असली तरी ती नंतरच बघायची, मग त्याच वेळचं 'हिरो चॅप्टर', आणि शेवटी २०२१चं पर्व.

रक्त नको, पण दुःखाची खोली हवी असेल तर 'प्रिन्सेस तुतू' (२००२-०३), सव्वीस भाग. नाव आणि चित्रं बघून लोक हिला पुढे ढकलतात. माझ्या मते या लेखातली मादोकाच्या तोडीची एकमेव मालिका हीच. एक बदक हृदय हरवलेल्या राजपुत्रावर प्रेम करतं, मुलगी होतं, आणि त्याच्या हृदयाचे विखुरलेले तुकडे शोधत फिरतं. अट एकच: राजपुत्राला प्रेम बोलून दाखवलं तर ती प्रकाशाचा कण होऊन नाहीशी होईल. ती लढत नाही, समोरच्याला नाचायला बोलावते. मूळ कल्पना इकुको इतो यांची, ज्यांनी 'सेलर मून'साठी पात्ररचना केली होती, आणि प्रमुख दिग्दर्शक जुनइची सातोही त्याच मालिकेतले. भागाभागात बॅले आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वापरलं आहे, 'स्वान लेक', 'नटक्रॅकर', 'जिझेल'. खरा खलनायक तर गोष्ट लिहिणारा लेखक आहे, जो मेला आहे तरी लिहितोच आहे. शोकांतिका वाचायला आपल्याला का आवडतं, हा अवघड प्रश्न एका बदकाच्या गोष्टीतून विचारायची हिंमत या मालिकेने दाखवली. सुरुवातीचे चार-पाच भाग बालिश वाटतील. धीर धरा.

चिन्हं, कोडी, पुन्हा पुन्हा येणारी दृश्यं आवडत असतील तर 'रेव्होल्यूशनरी गर्ल उतेना' (१९९७), एकोणचाळीस भाग. दिग्दर्शक कुनिहिको इकुहारा आधी 'सेलर मून'वर काम करत होते. राजकन्या व्हायचं नाही, राजपुत्र व्हायचं, असं ठरवलेली मुलगी तलवारीची द्वंद्वं लढते. काटेकोर अर्थाने ही मॅजिकल गर्ल मालिका नाही, पण तिच्याशिवाय पुढच्या बऱ्याच मालिका अशा झाल्या नसत्या. मधले काही भाग हलके आहेत, ते गाळू नका. नात्यातल्या माणसाकडून होणारं लैंगिक शोषण हा तिच्या उत्तरार्धाचा गाभा आहे. ते उघड दाखवलेलं नाही, पण ओझं फार आहे.

कराराची कलमं, पळवाटा, फसवणूक यात रस असेल तर 'सिलेक्टर इन्फेक्टेड विक्सॉस' (२०१४). पत्त्यांचा खेळ, जिंकणाऱ्या मुलीची इच्छा पूर्ण होते, आणि नायिका रुकोला तर कुठली इच्छाच नाही. लेखन मारी ओकादा यांचं. बारा भागांवर ती अर्धवट थांबते, त्याच वर्षीचं 'स्प्रेड' हे दुसरं पर्व धरूनच हिशेब करा. खेळाचे नियम नीट कळले नाहीत तरी अडत नाही.

शेवटचा पर्याय 'मॅजिकल गर्ल रेझिंग प्रोजेक्ट' (२०१६). मोबाइलवरच्या खेळातून सोळा जणी खरोखरच्या मॅजिकल गर्ल होतात, मग फर्मान निघतं की संख्या निम्मी करायची आहे. वेगवान आहे, एकदा बघायला हरकत नाही. पात्रं कळायच्या आत जातात, एवढीच माझी तक्रार.

पायरी ५: काही मालिका थांबवून ठेवा

अंधार आणि क्रौर्य यांत फरक करायला शिका. त्यासाठी मी एक साधी कसोटी वापरते: किंमत कोण मोजतं आहे, ती आधी सांगितली होती का, आणि सोसणाऱ्या मुलीचं स्वतःचं मन मालिकेला ठाऊक आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं की उरतो तो नुसता छळ.

'मॅजिकल गर्ल साइट' (२०१८) याच कारणासाठी नवख्यांनी बघू नये असं मला ठामपणे वाटतं. शाळेतला छळ, घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार हे सगळं पहिल्याच भागात एकावर एक ओतलेलं आहे, आणि ते दाखवताना सहानुभूतीपेक्षा धक्का देण्याची घाई दिसते.

'वंडर एग प्रायॉरिटी' (२०२१) वेगळ्या कारणासाठी थांबवा. ओतो आय ही मैत्रिणीच्या मृत्यूनंतर शाळेत जाणं सोडलेली मुलगी. ती स्वप्नात अंडी फोडते, त्यांतून आत्महत्या केलेल्या मुली बाहेर येतात, आणि त्यांचा पाठलाग करणाऱ्या राक्षसांपासून तिने त्यांना वाचवायचं. चित्रण इतकं जिवंत आहे की बोटांच्या हालचालीवरून पात्राची मनःस्थिती कळते. पण बारा भागांनंतर आलेला विशेष भाग उभ्या केलेल्या प्रश्नांना न्याय देत नाही. शेवट सैल आहे हे मान्य करून बघितलीत तर पहिले सात-आठ भाग अमूल्य आहेत. मन आधीच खचलेलं असेल तर मात्र आता नको. बघताना जुनं काही उसळून आलं तर बंद करा आणि जवळच्या माणसाशी बोला. भारतात टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते, तिथे मराठीतही बोलता येतं.

घरात लहान मुलं असतील तर

आपल्याकडे ॲनिमे म्हणजे हिंदीत डब केलेले 'डोरेमॉन' आणि 'शिनचॅन' अशी पिढीभराची ओळख. त्यामुळे चित्रातली मुलगी शाळेच्या गणवेशात दिसली की पालक निर्धास्त होतात. पोस्टरवर जाऊ नका, भारतातल्या ओटीटी सेवांवर दिसणारं वयाचं वर्गीकरण बघा: यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. 'कार्डकॅप्टर साकुरा' सगळ्यांनी मिळून बघावी अशी. 'प्रिन्सेस तुतू' दहा-अकरा वर्षांच्या मुलांबरोबर, शेजारी बसून. मादोका चौदा-पंधराच्या आधी नको, आणि तेव्हाही त्यांना एकट्याने बघायला सोडू नका. त्या वयाची मुलं यावर जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. उतेना आणि वंडर एग मोठ्यांसाठीच.

पायरी ६: शेजारच्या मालिका

मॅजिकल गर्ल नसलेल्या, पण ज्यांत गोंडस चेहऱ्याआड तोच प्रश्न दडला आहे, अशा काही मालिका या टप्प्यावर घ्या. 'स्कूल लाइव्ह' (२०१५) बद्दल एक अक्षरही वाचू नका, ट्रेलरही नको. पहिला भाग शेवटच्या मिनिटापर्यंत बघा, मग ठरवा. 'मेड इन ॲबिस' (२०१७) मध्ये रिको आणि रेग एका अथांग विवरात उतरतात. खाली जाणं सोपं, वर येताना शरीराला शाप लागतो. जग उभं करण्यात तिला तोड नाही. दहाव्या भागापासून लहान मुलांच्या शारीरिक वेदना फार जवळून दाखवल्या आहेत, आणि मुलांच्या देहाकडे बघण्याची तिची काही ठिकाणची नजर मला खटकते. दोन्ही गोष्टी माहीत असू द्या. आणि 'निऑन जेनेसिस एव्हांगेलियन' (१९९५) अजून बघितली नसेल, तर 'उतेना'च्या आधी बघा. मोठ्यांनी मुलांच्या हाती शस्त्र देण्याची गोष्ट यंत्रमानवांच्या मालिकांच्या प्रकारात तिने सांगितली.

काही व्यवहाराच्या गोष्टी

कुठली मालिका कुठल्या सेवेवर आहे हे परवान्यांप्रमाणे बदलत राहतं, म्हणून वर्गणी भरण्याआधी नाव टाकून खात्री करा. शोधताना फक्त मालिकेचं नाव टाका. पात्राचं नाव टाकलंत तर सुचवण्यांमध्येच त्याचं काय होतं ते दिसतं. व्हिडिओच्या लघुचित्रांतही शेवट फुटलेले असतात. मालिका संपेपर्यंत चाहत्यांचे माहितीकोश उघडू नका, नामावलीतल्या आवाजांच्या याद्याही नकोत. सबटायटल इंग्रजीच मिळतील असं धरून चाला. वेग कमी पडत असेल तर थांबवून वाचा, कारण क्युबेची वाक्यं एकेक शब्द तोलून लिहिलेली आहेत.

जमलं तर एखाद्या मित्र-मैत्रिणीबरोबर एकाच गतीने बघा. त्या माणसाने मालिका आधी बघितलेली असेल तर एकच अट घाला: तिसऱ्या आणि दहाव्या भागाच्या वेळी त्याने तुमच्याकडे न बघता पडद्याकडे बघायचं.